मेडशी दोन टोपल्या दूर

लढाई ऐन भरात होती आणि शहाणीसुरती माणसं आपापल्या मोटारी विकायला काढत होती, त्याच मोसमात उकंडरावांनी मोटार घेतली. पेट्रोल कुपनावर मिळायचं, आणि कुपन कोणाला मिळायचं ते देवालाच ठाऊक. वाशीमातल्या मोटारी गोठ्यांतून उभ्या होत्या आणि त्यांच्या टपांवर कोंबड्या बसत होत्या. उकंडराव एका कापसाच्या जिनात हेडक्लार्क होते. त्या जिनाच्या शेटजींनी आपली मोटार एक दिवस त्यांच्या गळ्यात बांधली. 'गळ्यात बांधली' हे त्यांच्या बायकोचे, सोजरबाईंचे शब्द. उकंडराव म्हणत, शेटजींनी विश्वासानं दिली. दोन्हीही खरं मानायला हरकत नाही, कारण त्या दिवशी शेटजी फार दिवसांनी हसताना दिसले होते.

पण ही नुसती हौस होती असं म्हणाल तर उकंडरावांवर अन्याय होईल. मोटारीमागे कारण होतं, आणि कारणाचं नाव विजयमाला. उकंडरावांची धाकटी बहीण गोजराबाई मेडशीला दिलेली. तिचा नवरा लवकर गेला, आणि तिची एकुलती एक पोर शाळेसाठी म्हणून वाशीमला मामाकडे आली ती मोठी होईपर्यंत तिथेच राहिली. उकंडराव-सोजरबाईंना मूलबाळ नव्हतं. घरात परकर-पोलकं वाळत पडलेलं दिसायचं ते तिचंच. आता तिचं लग्न मंगरूळपीरच्या रामरावांच्या मुलाशी ठरलं होतं, मेडशीला, गोरज मुहूर्तावर. मामानं नवरीला हाताला धरून मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, ही आपली रीत. बाप नसलेल्या पोरीच्या लग्नात पाठीशी उभा राहणारा माणूस एवढा एकच. उकंडराव गेले वर्षभर मनातल्या मनात तिथेच उभे होते म्हणा ना.

सुपारीच्या दिवशी मंगरूळपीरकडच्या एका आत्याबाईनं विचारलं, "मेडशीले मोटर जाते का जी, का बैलगाडीच?" तिनं सहज विचारलं असेल. पण उकंडरावांच्या मनाला ते लागलं.

"मी मोटरनं येतो," ते म्हणाले, "अन् आमची पोरगी मोटरीतच सासरी जाईन."

बोलून गेले. मोटार त्यानंतर घेतली.

आता पेट्रोलशिवाय मोटार चालायची कशी? त्यावर त्या काळात एक तोड निघाली होती, कोळशाचा ग्यास. गाडीच्या मागे अंघोळीच्या बंबाची थोरली बहीण शोभावी अशी एक लोखंडी टाकी बसवायची, तीत कोळसा भरून पेटवायचा आणि वरचं झाकण गच्च आवळायचं. मग हातानं पंखा फिरवत बसायचं, हात भरून आले की ग्यास तयार होतो, तो नळीतून इंजिनात जातो आणि गाडी चालते. हे काम वाशीमच्या दौलतसिंग मिस्त्रीनं केलं. त्यानं असं यंत्र अकोल्याला एकदा पाहिलं होतं, तेही पळत्या मोटारीला लावलेलं. तरी त्यानं हिमतीनं टाकी ठोकली. "चालते का नाई ते पाहू," असं तो ठोकताना म्हणत होता, आणि उकंडरावांना ते फार धीराचं वाक्य वाटलं.

शेजारचे मारोतराव पेन्शनर पोस्टमास्तर. पेन्शन झाल्यापासून सल्ला हे एकच काम त्यांच्याकडे उरलं होतं आणि ते त्यांनी चोख चालवलं होतं. टाकी बसवताना ते खुर्ची टाकून बसले. बाभळीचाच कोळसा घ्या म्हणाले. मग म्हणाले, बाभळीचा नको, धावड्याचा घ्या. संध्याकाळी म्हणाले, "पऱ्हाटीचा कोळसा करून पाहा, फुकट पडते." उकंडरावांनी तिन्ही करून पाहिले. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या कोळशावर गाडी घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत गेली आणि तिथून माणसांनी ढकलत घरी आणली. ढकलणारांत मारोतराव नव्हते, ते पुढे चालून रस्ता मोकळा करत होते.

यंत्र तर बसलं, पण गाडी सुरू करायला सुरुवातीला घोटभर पेट्रोल लागतंच, आणि शेटजींचं गाडीत उरलेलं होतं ते या करून पाहण्यातच संपलं. म्हणून कुपनासाठी उकंडराव कचेरीत गेले. तिथल्या बाबूनं चष्मा कपाळावर सारला.

"गाडी कशावर चालते तुमची?"

"कोळशावर."

"मंग पेट्रोल कायले पाह्यजे?"

"चालू कराले."

"म्हणजे चालू पेट्रोलवर होते."

"हो जी."

"मंग ते पेट्रोलचीच गाडी झाली. पेट्रोलच्या खासगी गाडीले कुपन बंद हाये."

"पण ते कोळशावर चालते."

"तं मंग पेट्रोल कायले पाह्यजे?"

असे ते गोल गोल कितीतरी दिवस फिरले. उकंडराव जिनात रुबाबात वावरणारा माणूस, पण त्या बाकावर बसून बसून त्यांच्या धोतराची मागची बाजू विरली. विजयमाला आईकडे मेडशीला गेली, तिच्या हळदीला जायचं होतं ते राहिलं. गोजराबाईचे निरोपावर निरोप आले. सोजरबाई म्हणाल्या, "आवो, दमणी सांगा कोणाची तरी, बैलं काही कुपन मांगत नाईत." पण आता दमणीत बसायचं म्हणजे आत्याबाईचं बोलणं खरं करायचं. लग्नाच्या दिवशी सकाळी बाबूची बदली झाली म्हणून की काय, कुपन एकदाचं हातात पडलं.

त्या दिवसांत उकंडरावांना एक नवीनच रोग जडला होता, तोही सांगायला हवा. कोळसा पुरेल का, हा तो रोग. जेवताना घास हातात धरून ते एकदम विचारत, "सोजर, पोत्यात किती उरला?" घरच्या शेगडीतला कोळसासुद्धा त्यांनी टाकीसाठी उचलला आणि चार दिवस सोजरबाईंनी तुऱ्हाट्यांच्या, तुरीच्या काड्यांच्या धुरात भाकरी थापल्या. अंतर मैलांत मोजणं तर त्यांनी सोडूनच दिलं. कोणी विचारलं की मालेगाव किती लांब, तर ते म्हणत, एक टोपली. मेडशी दोन टोपल्या. अनसिंग जरा चढाचं, दीड धरा. जिनातले कारकून पाठीमागे हसत, आणि उकंडराव आपल्या मनात अकोल्याच्या टोपल्या मोजत बसत.

इतका जीव कोळशात अडकलेला माणूस कोळशावाचून अडकला, ते कसं ते ऐका.

निघायच्या वेळी गाडीत दोन पोती कोळसा भरलेला होता. सोजरबाई आहेराची टोपली घेऊन आल्या. शालू, मामाकडून नवरीला द्यायची पिवळी साडी, हळदकुंकवाची पुडी, खण, नारळ. त्यांनी पोत्यांकडे पाहिलं आणि पाऊल मागं घेतलं.

"नवरीच्या पिवळ्या साडीजवळ कोळशाचं पोतं ठेवता? शुभ काम हाये का काय हाये?"

"मंग कोठी ठेवू? डोक्यावर?"

"एक तं उतरवा. निदान साडीले लागीन असं तं नको."

मारोतरावही नवं उपरणं घालून लग्नाला निघाले होते. त्यांनी निकाल दिला, "वहिनी बराबर म्हणतात. मालेगावात कोळसा पाह्यजे तेवढा भेटते." उकंडराव पोत्याला धरूनच उभे राहिले. पण काळं पोतं आणि पिवळी साडी, यावर कोणता बाप्या वाद घालणार? भरलेलं एक पोतं ओट्यावर राहिलं. उरलेलं पोतं मारोतरावांच्या पायाशी, वर चादर घालून.

गाडी निघाली तेव्हा अर्धं वाशीम बघायला उभं होतं. उकंडरावांनी जरीचा फेटा बांधला होता. गावाबाहेर पडेपर्यंत त्यांची मान ताठ होती, त्यानंतर ती सारखी मागे वळू लागली. कोळसा किती उरला? दौलतसिंगनं बजावलं होतं की झाकण उघडू नका, हवा शिरली की ग्यास मरतो आणि कोळसा उगीच जळून जातो. पण झाकण उघडल्याशिवाय कोळसा किती उरला ते दिसणार कसं? म्हणून ते गाडी थांबवत, उतरत, झाकण उघडत, आत पाहत, हळहळत आणि पुन्हा आवळत. ग्यास गेलेला असे. मग पंखा फिरवायचा, तो मारोतरावांच्या वाट्याला. थोडं पुढं गेलं की पुन्हा काळजी, कारण मघापेक्षा कोळसा कमी दिसला होता. तो मघाच्या बघण्यानंच कमी झाला होता, हे त्यांच्या ध्यानात येईना. मालेगावच्या अलीकडेच पोत्याचा तळ दिसला.

मालेगावात कोळसावाल्याचं दुकान उघडं होतं आणि आत फक्त कोळसावाला होता.

"कोळसा नाई जी," तो म्हणाला. "लगीनसराई हाये. सारा सोनारायनं नेला."

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. लग्नाला निघालेल्या माणसाचा कोळसा लग्नांनीच खाल्ला होता. उकंडराव एका सोनाराच्या दारात गेले. तो कोणाच्या तरी पाटल्या करत बसला होता. त्यानं हो-ना करत एक पाटी दिली, ती सोनारकामाची, चुऱ्यासारख्या बारीक खड्यांची. टाकीच्या तळाशी तो चुरा असा बसला की हवा जायला वाट उरली नाही. मालेगाव सोडून मेडशीच्या चढाला लागल्यावर गाडी दोनदा खोकली आणि उभी राहिली. ऊन कलायला लागलं होतं. मेडशी तिथून दोन कोस.

थोड्या वेळानं मागून घुंगरांचा आवाज आला. अनसिंगचे बबनराव, उकंडरावांचे चुलतभाऊ, दमणी घेऊन लग्नाला निघाले होते. आदल्या आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, येता का दादा माह्या दमणीत, तर उकंडराव म्हणाले होते, तूच ये गड्या मोटरीत, बैलं थकतीन. बबनरावांनी ती गोष्ट काढली नाही. दमणी थांबवली, उतरले आणि मोटारीभोवती एक फेरी मारली.

"चला दादा. येळ हाये अजून. दिवस बुडाच्या आत पोचतो."

सोजरबाई आहेराची टोपली घेऊन दमणीत चढल्यासुद्धा. मारोतराव त्यांच्याआधी चढले होते. "मी पुढं जाऊन सांगतो, का तुमी येऊन राह्यले म्हणून," असं ते आतून म्हणाले.

उकंडराव मोटारीच्या दाराला धरून उभे होते. एक पाऊल, फक्त एक पाऊल टाकायचं होतं. पण डोळ्यांपुढे मांडवाच्या दारातली आत्याबाई दिसू लागली. मोटारीचा मामा दमणीतून उतरतो आहे आणि आत्याबाई पदराआड हसते आहे. आणि पोरगी उद्या सासरी जाणार कशात? शब्द दिलेला.

"तुमी व्हा पुढं," ते म्हणाले. "मी आलोच. कोळसा भेटला का तुमच्या आधी पोचतो."

"आवो, चला ना," सोजरबाई म्हणाल्या. "गाडी काही कोणी नेत नाई. पोरगी वाट पाहून राह्यली असंन."

"म्हणूनच तं," उकंडराव म्हणाले. याचा अर्थ काय ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दमणी गेली. घुंगरं बराच वेळ ऐकू येत होती.

रस्त्यापासून थोडं आत बंजाऱ्यांचा तांडा होता. तिथं हेमला कोळशाच्या भट्ट्या लावतो, हे उकंडरावांना ठाऊक होतं. ते धोतर सावरत गेले. भट्टी होती, धुमसतही होती.

"आज नाई खुलत साहेब," हेमला म्हणाला. "आज खोलली तं भडकते, सगळी राख. उद्या सकाळी या."

"उद्या काय करू? आज माह्या भाचीचं लग्न हाये."

हेमलानं सूर्याकडे पाहिलं. "मेडशीले ना? पायी निघा साहेब. पाय उचलले तं पोचता."

हा दुसरा मोका. उकंडरावांनीही सूर्याकडे पाहिलं, मग रस्त्यावर उभ्या मोटारीकडे पाहिलं. घामाघूम, धुळीनं भरलेला, पायी आलेला मामा त्यांना दिसला. "थोडासा भेटला तरी चालते," ते म्हणाले.

हेमलाच्या आईला, गोमतीबाईला, त्यांची दया आली. तिनं तांड्यातल्या बायकांना हाक मारली. मग घराघरांतून चुलीतले विझलेले कोळसे आले, कोणाच्या ओंजळीत, कोणाच्या परातीत. बायका नवरीचं नाव विचारत होत्या, नवरदेव काय करतो विचारत होत्या, आणि उकंडराव सांगत होते. इतकी माया करणारी माणसं, पण त्या कोळशात निम्मी राख. ती टाकीत गेली तर पुन्हा तेच. चाळणी कोणाकडे नव्हती. शेवटी उकंडरावांनी डोक्यावरचा जरीचा फेटा सोडला, त्याची झोळी केली आणि हेमलानं एक टोक धरून दोघांनी मिळून कोळसा झाडला. राख सगळी अंगावर आली. टाकी साफ करून कोळसा भरला, पेटवला, पंखा फिरवला. यावेळी झाकण उघडायचं नाही असं त्यांनी स्वतःला बजावलं. गाडीनं एक हिसका दिला आणि अशी सुरू झाली, अशी पळायला लागली, की दौलतसिंगनं पाहिली असती तर त्याचाही विश्वास बसला नसता.

मेडशीची झाडं दिसली तेव्हा पश्चिमेला अजून लाली होती. उकंडरावांनी भोंगा वाजवला. शेवटच्या वळणावर वाजंत्री ऐकू आली आणि ती एकदम जोरात, सगळीच्या सगळी मिळून वाजू लागली. लग्नघरची वाजंत्री अशी एकदम कधी वाजते, हे लहान मूलही सांगेल. उकंडरावांचा पाय आपोआप ढिला पडला, पण गाडी उताराला होती. ती मांडवापर्यंत गेलीच.

"मोटर आली, मोटर आली," म्हणत सारा गाव मांडवातून बाहेर धावला. लोकांच्या मुठीत उरलेल्या अक्षता होत्या. आत्याबाईही आली आणि तिनं मोटारीला हात लावून पाहिला. उकंडरावांनी वर्षभर मनात रंगवलेलं सगळं तसंच्या तसं होत होतं, फक्त घडीभर उशिरा. बोडकं डोकं, तोंडाला राख, हातात काळा झालेला फेटा, असे ते गर्दीतून आत गेले.

बोहल्यावर विजयमाला पिवळ्या साडीत उभी होती आणि तिच्या पाठीशी बबनराव. त्यांनी उकंडरावांना पाहिलं आणि ते झटकन बाजूला झाले. आता बाजूला होऊन काय उपयोग होता?

"दादा, मी नाई म्हणून राह्यलो होतो," बबनराव हलक्या आवाजात म्हणाले. "भटजीनं लय थांबून पाह्यलं. मी तुमच्या जागी उभा राह्यलो, माह्या नाई."

गोजराबाई आली. भावाला काही बोलली असती, चार माणसांत आवाज चढवला असता, तर उकंडरावांना बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "आला का दादा. हातपाय धुय अन् जेवून घे." सोजरबाईंनी पाण्याचा तांब्या आणून दिला. मारोतराव पंगतीत शेजारच्याला टाकीचं काम समजावून सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणी झाली. गावच्या लोहारानं आपल्या भात्याजवळचा बाभळीचा अस्सल कोळसा दिला, दोन पोती भरून, आणि या खेपेला पिवळ्या साडीशेजारी पोती ठेवायला कोणी हरकत घेतली नाही. विजयमाला पाया पडायला वाकली तेव्हा उकंडरावांना सगळं सांगायचं होतं. कुपन, सोनार, भट्टी, चुलीतले कोळसे. ते सुरूही झाले, "बाई, मालेगावात कोळसाच..."

"असू द्या मामा," ती म्हणाली. मग कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "अक्षता पडाच्या आधी मी एकडाव मांगं वळून पाह्यलं. नवरीनं पाहाचं नसते म्हणतात. पण मी पाह्यलं."

उकंडरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात धुऊनही काळाच होता, म्हणून लगेच काढून घेतला.

मग ते मोटारीत बसले. मागे नवरा-नवरी, शेजारी व्याही रामराव. गाडी निघाली ती तांड्याच्या फाट्यावरून, मालेगावच्या बाजारातून, चढ-उतारांवरून पाण्यासारखी चालली. खोकली नाही, गचकली नाही, ओढ्यातही अडली नाही. रामराव मोठे खूष झाले.

"बढिया गाडी हाये तुमची, उकंडराव. मधात कोठीच थांबली नाई."

"नाई थांबत," उकंडराव म्हणाले.

मागून विजयमालाच्या बांगड्या मधूनमधून वाजत होत्या. जन्मात पहिल्यांदा उकंडरावांना वाटत होतं की कोळसा संपावा, गाडी एखाद्या बाभळीखाली उभी राहावी आणि पोरगी अजून थोडा वेळ त्यांच्या गाडीत बसलेली राहावी. पण कोळसा चांगला होता, आणि मंगरूळपीर आलं.